दुखरा खांदा आणि जाणता हात

शरीरातील काही अवयव निमूटपणे काम करीत असतात तोवर त्यांची आठवणही आपल्याला होत नाही. खांदा हा त्यांपैकीच एक. दुकानातील वरच्या फळीवरचे थान काढणे, माळ्यावरचा डबा उतरवणे, सदऱ्याच्या बाहीत हात घालणे, पाठीमागे हात नेऊन पदर खोचणे, केस विंचरणे ही सगळी कामे खांद्याच्या जिवावर चालतात. तो रुसला म्हणजे मात्र दिवसाची कामे अडतातच, रात्रीची झोपही जाते. त्या कुशीवर वळले की कळ येते, जाग येते आणि मग छताकडे पाहत पहाट उजाडण्याची वाट पाहावी लागते.

गेल्या चार वर्षांत आमच्या कुटुंबात तीन खांदे दुखले. तिघांच्याही तोंडी एकच वाक्य होते, “खांदा दुखतो.” आणि तिघांनाही भेटणाऱ्या प्रत्येकाचा सल्ला एकच होता, “चांगल्या माणसाकडून चोळून घ्या.” प्रत्यक्षात ती तीन वेगळी दुखणी होती. एकाला हाताने केलेल्या उपचारांनी बरे वाटले, दुसऱ्याचे त्यानेच बिघडले आणि तिसऱ्याचा खांद्याशी काही संबंधच नव्हता. पस्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे एक गोष्ट अंगवळणी पडली आहे. समोर आलेला अर्ज कितीही नेहमीचा वाटला, तरी आधी कागद तपासायचे आणि मगच मंजुरी द्यायची. खांद्याच्या बाबतीतही हाच क्रम योग्य आहे, असे या तीन अनुभवांवरून माझे मत झाले आहे. वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा खांदा असेलच, म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम खांद्याची रचना थोडक्यात समजून घेऊ. मांडीचे हाड कमरेच्या सांध्यात खोल वाटीत बसलेले असते. खांद्याचे तसे नाही. पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाला बाजूने एक उथळ बशीसारखा खळगा असतो आणि दंडाच्या हाडाचे गोल डोके त्यावर टेकलेले असते. बशीवर लिंबू ठेवावे तशी ही व्यवस्था. त्यामुळे हात चहूबाजूंना फिरतो, पण स्थैर्य कमी राहते. ते स्थैर्य देण्यासाठी चार लहान स्नायूंच्या कंडरा त्या गोल डोक्याभोवती कवचासारख्या वेढलेल्या असतात. त्या कवचाला ‘रोटेटर कफ’ म्हणतात. सांध्याभोवती एक मऊ, सैल वेष्टन असते आणि काखेच्या बाजूला त्याची चुणी पडलेली असते. हात वर नेताना ती चुणी उलगडते. हात पूर्ण वर म्हणजे सुमारे १८० अंश जातो, तेव्हा त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग खांद्याच्या सांध्याचा असतो आणि उरलेला एक तृतीयांश फऱ्याचे हाड पाठीवर सरकल्यामुळे मिळतो. ही भागीदारी लक्षात ठेवावी. एक भागीदार बसला की दुसऱ्यावर भार पडतो. म्हणूनच खांदा दुखणाऱ्याची मानही हमखास आखडलेली असते.

आता ती तीन दुखणी.

पहिले आमच्या थोरल्या वहिनींचे. त्यांचा उजवा खांदा आणि फऱ्याखालचा भाग सहा-सात महिने अधूनमधून दुखत होता. घरातले काम थांबत नाही, म्हणून आमच्या घरांतल्या बायका दुखणे बोलून दाखवत नाहीत आणि दाखवले तरी ‘होईल बरे’ म्हणून पुढे ढकलतात. वहिनींनी घरी येणाऱ्या मालीशवाल्या बाईंकडून तेल लावून घेतले, शेक घेतला. दोन दिवस बरे वाटे, मग पुन्हा तेच. एकदा लग्नसराईच्या दिवसांत सहज बोलता बोलता त्या म्हणाल्या, “भाऊजी, गंमत बघा. हात वर केला, खाली केला, तरी दुखणं कमीजास्त होत नाही. ते येतं रात्री, जड जेवण झालं की.” त्यांच्या या एका वाक्यात निम्मे निदान होते. जे दुखणे हात हलवल्याने वाढत नाही आणि स्थिर ठेवल्याने कमी होत नाही, ते सांध्याचे असण्याचा संभव कमी असतो. डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करण्यास सांगितले. पित्ताशयात खडे निघाले.

पित्ताशयाचे दुखणे खांद्यात कसे जाणवते, याचे उत्तर मज्जातंतूंच्या मांडणीत आहे. श्वासपटलाकडे जाणारी नस मानेतून निघते आणि खांद्याच्या माथ्यावरील त्वचेची संवेदनाही मानेच्या त्याच भागातून मेंदूकडे जाते. त्यामुळे श्वासपटलाच्या लगतचा अवयव सुजला, तर मेंदूला तो निरोप खांद्याकडून आल्यासारखा वाटतो. हृदयाचे दुखणे डाव्या खांद्यात व हातात उतरते, त्यामागेही असाच एकाच वाटेने येणाऱ्या निरोपांचा घोळ असतो. वहिनींची शस्त्रक्रिया झाली आणि खांदा पुन्हा दुखला नाही. सहा महिने त्या खांद्यावर जिरवलेले तेल अर्थातच वाया गेले. तरी त्यांनी वेळीच ती खूण बोलून दाखवली, हे महत्त्वाचे.

दुसरे दुखणे माझ्या धाकट्या चुलतभावाचे. त्याचे इचलकरंजीत कापडाचे दुकान आहे. वर्षानुवर्षे डोक्याच्या वरच्या फळीवरून जड थाने ओढून काढायची सवय. एके दिवशी थान ओढताना खांद्यात काहीतरी निसटल्यासारखे झाले आणि दुसऱ्या दिवसापासून हात वर जाईना. कुणीतरी एका हाड बसवणाऱ्याचे नाव सुचवले. त्याने “खांदा उतरला आहे” असे सांगून हात धरून हिसका दिला. त्या हिसक्यानंतर दुखणे दुप्पट झाले. पुढे मिरजेला तपासणी झाली, तेव्हा कंडरा अर्धवट फाटल्याचे सोनोग्राफीत दिसले. खांदा मुळात उतरलेला नव्हताच. त्या दिवसांत तो मला म्हणाला, “दादा, तुम्ही माझा हात उचलला तर वर जातो. मी उचलायला गेलो की जात नाही.” हीदेखील ओळखण्याची खूण आहे. दुसऱ्याने उचलल्यावर हात वर जात असेल, तर सांध्याची वाट मोकळी आहे आणि उचलणाऱ्या स्नायूची कंडरा दुखावली आहे, असा तर्क करता येतो. अशा खांद्याला सक्तीने ताणण्याचा उपयोग नसतो. त्याला आधी विसावा आणि मग हळूहळू बळ लागते. त्याला शस्त्रक्रिया लागली नाही. रबरी पट्ट्यांचे व्यायाम पाच महिने केल्यावर तो पूर्ववत दुकानात उभा राहू लागला.

तिसरा खांदा माझा स्वतःचा, डावा. वय बासष्ट, मधुमेह अकरा वर्षांचा. मार लागला नव्हता, ओझे उचलले नव्हते. प्रथम रात्री दुखू लागले, मग सदरा घालताना अडचण येऊ लागली आणि दीड महिन्यात पाठीमागच्या खिशातले पाकीट काढणे अशक्य झाले. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितले, “फ्रोझन शोल्डर.” म्हणजे गोठलेला खांदा.

या नावाचा इतिहास मला वाचण्यासारखा वाटला. १८७२ मध्ये फ्रान्समधील द्युप्ले यांनी खांद्याच्या अशा आखडण्याचे वर्णन केले. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव दिले बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी, १९३४ मध्ये. पुढे १९४५ मध्ये नेव्हिएझर यांनी सांध्याचे वेष्टन जाड होऊन आकसते हे दाखवले आणि त्याला ‘ॲडहेसिव्ह कॅप्सुलायटिस’ हे शास्त्रीय नाव मिळाले. जपानमध्ये याच दुखण्याला ‘गोजूकाता’, म्हणजे पन्नाशीचा खांदा म्हणतात. नाव अगदी समर्पक आहे, कारण हे दुखणे बहुधा चाळीस ते साठ या वयात येते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते.

कॉडमन यांच्याविषयी आणखी एक गोष्ट हिशेबात मुरलेल्या माणसाला आवडेल अशी आहे. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवावे, वर्षभराने त्याला पुन्हा बोलावून तपासावे, उपचाराचा गुण आला की नाही हे नोंदवावे आणि नसेल आला तर का, याचा शोध घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. तो त्या काळच्या रुग्णालयांना रुचला नाही. तेव्हा त्यांनी स्वतःचे लहानसे रुग्णालय काढून आपल्या चुकाही छापून प्रसिद्ध केल्या. खांद्यावर उपचार घेणाऱ्या प्रत्येकाने असा ताळेबंद मागावा, असे मला वाटते. त्याविषयी पुढे लिहितो.

गोठलेल्या खांद्यात काय घडते? सांध्याचे ते सैल वेष्टन आधी सुजते, मग जाड होते आणि आकसते. काखेतली चुणी उलगडेनाशी होते. सर्वसाधारण लोकांत शंभरात दोन ते पाच जणांना हे दुखणे होते, असे मानले जाते. मधुमेह्यांत हे प्रमाण कितीतरी अधिक, शंभरात दहा ते वीस इतके सांगितले जाते. थायरॉइडच्या विकारातही ते अधिक आढळते. फ्रॅक्चर, हृदयाची किंवा स्तनाची शस्त्रक्रिया यांनंतर हात बराच काळ अंगाशी धरून ठेवला गेला, तरीही खांदा गोठू शकतो. म्हणून कारण नसताना खांदा आखडला, तर रक्तातील साखर अवश्य तपासून घ्यावी. साखर वाढल्याचे लक्षात आले नसेल, तर कधीकधी खांदाच ती बातमी आधी देतो. बैठा व्यवसाय, गादीवर दिवसभर बसणे आणि सणासमारंभाची गोडधोड जेवणे यांमुळे आमच्या व्यापारी घरांत मधुमेह परका राहिलेला नाही, हे वेगळे सांगायला नको.

या दुखण्याच्या तीन अवस्था सांगतात. पहिली दुखण्याची, दुसरी आखडण्याची आणि तिसरी सुटण्याची. प्रत्येक अवस्था काही महिने चालते. एकंदर कालावधी एक ते तीन वर्षांचा धरावा. बहुतेकांचा खांदा बराचसा सुटतो, मात्र काहींना थोडा ताठरपणा राहतो. हा कालावधी ऐकून मन खचते, हे खरे. पण मुदत आधी कळली की घाईने भलतेसलते उपचार करण्याचा मोह आवरता येतो.

डॉक्टरांनी सांध्यात एकदा स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले. देण्यापूर्वीच त्यांनी बजावले होते की चार-सहा दिवस साखर वाढेल, रोज तपासा. तशी ती वाढलीही आणि उतरलीही. रात्रीचे दुखणे बरेच कमी झाले. त्यानंतर त्यांनी फिजिओथेरपीसाठी पाठवले आणि ‘हाताने केलेला उपचार’ म्हणजे काय, हे मला तेथे समजले.

फिजिओथेरपिस्ट ताई माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी त्यांनी खांद्याला जवळजवळ हातच लावला नाही. आधी मान तपासली, कारण मानेतली नस दबली तरी खांदा दुखतो. मग मला हात उचलायला सांगितला, नंतर स्वतः उचलून पाहिला आणि म्हणाल्या, “काका, तुम्ही उचला नाहीतर मी उचलते, हात एकाच ठिकाणी अडतोय. म्हणजे अडचण ताकदीची नाही, वाटेची आहे.” त्यानंतर त्यांनी कोनमापक लावून आकडे लिहिले. हात समोरून वर ९५ अंश. बाजूने ७० अंश. कोपर अंगाला चिकटवून पुढचा हात बाहेरच्या बाजूला वळवला, तर केवळ १० अंश. हे बाहेर वळणेच गोठलेल्या खांद्यात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त अडते, असे त्यांनी सांगितले. आकडे पाहून मला बरे वाटले. दुखण्याला एक खतावणी मिळाली.

उपचार सुरू झाले तेव्हा मी जोरदार ओढाताणीची अपेक्षा केली होती. प्रत्यक्षात त्यांनी मला उताणे झोपवले, दंडाचे हाड दोन्ही हातांनी धरले आणि अगदी बारीक, लयबद्ध हिसके, खरे तर झुलवणे, सुरू केले. हालचाल इतकी लहान की बाहेरून पाहणाऱ्याला काही चालले आहे असे वाटणार नाही. याला ‘मोबिलायझेशन’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील जेफ्री मेटलंड यांनी त्याच्या पायऱ्या लावून दिल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्या दुखणे शमवण्यासाठी असतात आणि त्यांत सांधा जेथे अडतो तेथपर्यंत नेतच नाहीत. तिसरी व चौथी ताठरपणा मोडण्यासाठी असते आणि त्यांत अडणाऱ्या टोकाशी काम करतात. दुखऱ्या अवस्थेत वरच्या पायऱ्या वापरल्या, तर सांधा अधिक चिडतो.

यामागचे तत्त्व सोपे आहे. हात वर जाताना दंडाच्या हाडाचे डोके बशीवर नुसते फिरत नाही, त्याच वेळी ते खाली सरकतेही. वेष्टन आकसल्यामुळे हे सरकणे थांबते आणि डोके वरच्या हाडाखाली जाऊन अडते. हे सरकणे आपले आपल्याला मुद्दाम करता येत नाही, कारण त्यासाठी वेगळी आज्ञा देण्याची सोय शरीरात नाही. दुसऱ्याचा जाणता हातच ते करू शकतो. न्यूझीलंडचे ब्रायन मलिगन यांची पद्धत याच्या पुढची आहे. तीत थेरपिस्ट हाड योग्य दिशेने सरकवून धरतो आणि त्याच वेळी रुग्ण स्वतः हात उचलतो. दुखल्याशिवाय हात थोडा अधिक वर गेला, तर दिशा बरोबर समजायची.

मालीशचे स्थान काय, हाही प्रश्न मी ताईंना विचारला. त्यांचे उत्तर मला पटले. सांधा अडला की मान आणि फरा यांचे स्नायू त्याचे काम ओढतात आणि थकतात. त्या स्नायूंत गाठीसारखे दुखरे बिंदू तयार होतात. मालीशने ते सैल पडतात, झोप लागते आणि व्यायाम करणे सुसह्य होते. मात्र आकसलेले वेष्टन मालीशने उलगडत नाही. तेल कातडीवरून आणि स्नायूवरून फिरते, वेष्टन त्याच्या खाली असते. मालीश उपयुक्त आहे, पण सोबती म्हणून. मुख्य उपचाराची जागा तिला देऊ नये.

आयुर्वेदालाही हे दुखणे अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये ‘अवबाहुक’ सांगितला आहे. खांद्याच्या ठिकाणी असलेला वात शिरांचा संकोच करून तो निर्माण करतो, असे त्याचे वर्णन. आकसण्याची ही कल्पना आजच्या वर्णनाशी किती जवळची आहे! वैद्य यासाठी स्नेहन, स्वेदन आणि नस्य यांची योजना करतात. मी ताईंकडे जाण्यापूर्वी घरी तिळाचे कोमट तेल हलक्या हाताने लावून शेक घेत असे आणि त्याने सांधा हलवणे सोपे जाई. मधुमेह्यांनी मात्र शेकताना जपावे. त्वचेची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून पिशवीची ऊब दुखऱ्या हातापेक्षा दुसऱ्या हाताने, शक्य तर घरातल्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावी.

आता संशोधन काय सांगते ते पाहू. नेदरलँड्समधील डीअर्क्स आणि स्टीव्हन्स यांनी २००४ मध्ये ७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला दुखण्याच्या पलीकडे नेणारे जोरकस ताण आणि व्यायाम दिले. दुसऱ्या गटाला दुखणे समजावून सांगितले आणि सोसेल तेवढ्याच हालचाली करू दिल्या. दोन वर्षांनी सौम्य गटातील ८९ टक्के रुग्णांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला होता. जोरकस गटात हे प्रमाण ६३ टक्के होते. २०१४ मध्ये कॉक्रेन संस्थेने ३२ चाचण्यांचा आढावा घेतला. पहिल्या काही आठवड्यांत हाताने केलेल्या उपचारांपेक्षा इंजेक्शनचा गुण अधिक दिसतो आणि सहा महिन्यांनंतर दोहोंत मोठा फरक उरत नाही, असे त्यात आढळले. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनच्या ३५ रुग्णालयांतील ५०३ रुग्णांची चाचणी आली. इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणे आणि दुर्बिणीतून वेष्टन कापणे, अशा तीन उपचारांची तुलना होती. वर्षभराने तिन्ही गटांत चांगली सुधारणा होती आणि कोणताही एक उपचार स्पष्टपणे सरस ठरला नाही. गंभीर गुंतागुंती मात्र दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत अधिक होत्या.

या तिन्हींतून मी काढलेला अर्थ असा. गोठलेल्या खांद्यावर जोर चालत नाही. जाणता हात वाट दाखवतो, दुखणे कमी करतो, भीती घालवतो. पण त्या वाटेने रोज चालायचे ते आपणच. ताईंकडे मी आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास जात होतो. आठवड्याचे उरलेले १६७ तास खांदा माझ्याच ताब्यात होता. बाहेरून मिळालेले भांडवल कितीही चांगले असले, तरी दुकान उघडायला मालकालाच यावे लागते.

घरचे व्यायाम चारच होते. पहिला कॉडमन यांच्या नावाने ओळखला जाणारा लंबकाचा. टेबलाला चांगला हात टेकवून पुढे वाकायचे, दुखरा हात सैल सोडायचा आणि अंगाच्या झोक्याने तो लहान वर्तुळात फिरू द्यायचा. दुसरा भिंतीवर बोटांनी चढण्याचा. तिसरा आडवी काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेर ढकलण्याचा, कोपर अंगाला चिकटवून. चौथा पाठीमागे टॉवेल धरून वरच्या हाताने खालचा हात ओढण्याचा, पण हा रात्रीचे दुखणे शमल्यावरच. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटे. मर्यादा अशी की व्यायामानंतर वाढलेले दुखणे तासाभरात उतरले पाहिजे. रात्री झोप उडाली किंवा दुसऱ्या दिवशी हात जड राहिला, तर प्रमाण कमी करायचे. झोपताना दंडाखाली आणि काखेलगत एक मऊ उशी ठेवली, तर पुष्कळ आराम मिळतो.

तीन महिन्यांनी माझे आकडे असे होते. समोरून १४०, बाहेर वळणे ३५. चौदा महिन्यांनी समोरून १६५ आणि बाहेर वळणे ५५. पाठीमागे हात अजून पूर्वीइतका वर जात नाही, पण पाकीट खिशातून निघते आणि रात्रीची झोप परत आली आहे. यापेक्षा अधिक व्याजाची अपेक्षा या वयात ठेवू नये.

आता काही सूचना. व्यवहारी वाचकांना त्या उपयोगी पडाव्यात.

उपचार देणाऱ्याला पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारावेत. दुखण्याचे नाव काय? आज हात किती अंश जातो आणि ते लिहून देणार का? सहा आठवड्यांत कोणता आकडा बदलला पाहिजे? एका केंद्रात मला तपासणीपूर्वीच तीस बैठकींचे पैसे एकरकमी भरण्यास सांगितले होते. मी नम्रपणे नकार दिला. तपासणी न करता मुदत ठरवणारा उपचार आणि तारण न पाहता मंजूर होणारे कर्ज, दोन्हींपासून दूर राहिलेले बरे. चार-सहा बैठकींत काहीच फरक नसेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

काही प्रसंगी खांदा कुणालाही चोळू देऊ नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर एकाएकी हात उचलेनासा झाला तर. सांधा लाल, गरम झाला आणि ताप असला तर. वजन घटत असेल, रात्रंदिवस एकसारखे दुखत असेल किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल तर. हाताला मुंग्या येऊन पकड ढिली पडत असेल तर. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत जडपणा, घाम किंवा धाप असेल, तर चर्चा करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत त्यांनी हिसका देणाऱ्याच्या जवळही जाऊ नये.

दुकानातही थोडा फेरफार करावा. जड माल कंबर ते छाती या उंचीत ठेवावा, हलका माल वर. वरचे काढायला स्टूल घ्यावे, हात लांब करून ओढू नये. चुलतभावाने आता हेच केले आहे आणि त्याच्याकडची नोकर मुलेही त्याचा लाभ घेत आहेत. त्यांचेही खांदे खांदेच आहेत. घरात रोजचे डबे माळ्यावरून खालच्या फळीवर आणावेत. आणि घरातील स्त्री ‘खांदा दुखतो’ म्हणाली, तर तेलाची बाटली पुढे करण्यापूर्वी तिला दोन प्रश्न विचारावेत. हात हलवल्यावर दुखते का? दुसऱ्याने उचलल्यावर वर जातो का? ही दोन उत्तरे डॉक्टरांनाही उपयोगी पडतील आणि कदाचित तिचे कित्येक महिने वाचवतील.

स्पर्शात दिलासा आहे, यात शंका नाही. दुखऱ्या जागेवर कुणी मायेने हात ठेवला की निम्मे दुखणे हलके होते. पण तो हात जाणता असावा, त्याला घाई नसावी आणि आपल्या वाट्याचा रोजचा व्यायाम त्याने आपल्याकडून करून घ्यावा. एवढे जमले तर खांदा सावकाश का होईना, पुन्हा आपले काम करू लागतो. सर्व वाचकांचे हात सदैव सहज वर उठोत, ही शुभकामना.